हिलालच्या नावाचे गहू

सुरतेतल्या नवागामच्या तिसऱ्या गल्लीत छगनची चहाची टपरी आहे, आणि त्या टपरीवर एक वाद गेली छत्तीस वर्षं चहाबरोबर उकळतो आहे. टपरी लाकडाची होती ती पत्र्याची झाली, काचेचे ग्लास जाऊन कागदाचे कप आले, छगनचा बाप गेला आणि छगनच्या डोक्यावरही पांढरे केस आले. वाद मात्र जिथल्या तिथे. सुकलाल पाटलाने त्या दिवशी तिसऱ्या राऊंडला उजवा हात का उचलला नाही?

"दमला होता, दुसरं काय," एक जण म्हणतो.

"दमलेला माणूस एका डाव्या हातावर तीन मिनिटं उभा राहतो का? काहीतरीच!"

"समोर भाऊ होता. चुलत का होईना. माया आली असेल."

"माया आली, मग आजपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलला नाही तो का? ही कसली माया?"

समोरच्या ओट्यावर मालतीबाई साडीच्या पदरावर टिकल्या चिकटवत बसलेल्या असतात. हे सगळं त्यांना स्वच्छ ऐकू येतं. हा वाद एका वाक्यात मिटवू शकेल असं माणूस साऱ्या सुरतेत एकच होतं, आणि ते मान खाली घालून टिकल्या लावत होतं.

स्वतः सुकलाल बऱ्याचदा त्या टपरीवरच असायचा. पण पस्तीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान गेले होते. कारखान्यातली माणसं घरीही मोठ्याने बोलतात, तसा तो बोलायचा, आणि समोरच्याने तसं बोललं तरच त्याला कळायचं. त्यामुळे स्वतःबद्दलचा वाद शेजारी चालू असतानाही तो निवांत चहा प्यायचा. कोणी बॉक्सिंगलाच नावं ठेवली, की मात्र कुठून कोण जाणे, त्याला बरोबर ऐकू यायचं.

एकदा छगनच म्हणाला, "काका, राग येऊ देऊ नका, पण कुस्तीत डाव असतो, डोकं लागतं. तुमच्या बॉक्सिंगमध्ये काय? दोघांनी एकमेकांची तोंडं फोडायची. याला खेळ म्हणायचा?"

सुकलालने कप खाली ठेवला. "हात वर धर."

"हां?"

"दोन्ही मुठी गालाशी. कोपर अंगाला. तसाच उभा राहा, आणि पाय हलवत राहा. तीन मिनिटं."

छगनने हसत हसत हात वर धरले. पाऊण मिनिटात त्याचं हसू गेलं. एक मिनिट झालं तेव्हा खांदे थरथरायला लागले. दीड मिनिटाला मुठी छातीपर्यंत उतरल्या आणि चहा उतू गेला तो वेगळाच.

"अजून तुला कोणी मारलं पण नाही," सुकलाल म्हणाला. "आता कोणीतरी नाकावर मारतोय, डोळ्यांत पाणी आलंय, समोरचं दिसत नाही, श्वास तोंडाने घ्यायचा तर जबडा उघडा पडतो. आणि अशा वेळी डोकं थंड ठेवून बघायचं, की याचा डावा खांदा आधी हलतो की पाय. डोकं लागत नाही म्हणे."

टपरीवर हशा पिकला. मालतीबाईंनाही ओट्यावर हसू आलं, आणि लगेच विरलं.

त्यांना तो चोवीस वर्षांचा सुकलाल आठवला.

पारोळ्याकडच्या एका खेड्यातून तो थोरल्या भावाच्या, बळीरामदादांच्या मागोमाग सुरतेला आला. उधन्याला लूमच्या कारखान्यात लागला. आठ मशीन, बारा तासांची पाळी. वर्षभराने चुलत भाऊ हिलाल आला. दोघे एकाच खोलीत, एकाच चटईवर झोपायचे. म्हणजे एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची भरायची, चटई काही थंड व्हायची नाही. सार्वजनिक नळावर एकदा दोघांनी तिसऱ्या कोणाशी हाणामारी केली. जवळच्या कापड रंगवायच्या मिलच्या फाटकावर बाबुराव म्हणून फौजेतून आलेले वॉचमन होते, त्यांनी ती पाहिली. सोडवायला गेले नाहीत. झाल्यावर दोघांना बोलावून म्हणाले, "मारायचंच असेल तर नीट मारायला शिका. असं मारून तुमचीच बोटं मोडतील."

तिथून सुरुवात झाली. फाटकामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबुरावांनी एक बारदान टांगलं होतं. खाली वाळू, वर लूमवरून निघालेल्या सुताचा कचरा. ग्लोव्ज दोनच जोड्या, चामडं फाटलं की नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेले. रात्रपाळी करून सकाळी सात वाजता माणसं घरी येऊन झोपायची, यांच्यातला जो सुटला असेल तो रेल्वेच्या रुळांकडेने पळत सुटायचा.

आणि पट्ट्या. त्याबाबत बाबुराव फार कडक. ग्लोव्जच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्या सुतीच पाहिजेत. त्यांनी स्वतःचं जुनं धोतर चार बोटांच्या रुंदीने फाडून प्रत्येकाला दोन-दोन पट्ट्या दिल्या होत्या. "सूत घाम पितं आणि हाडं धरून ठेवतं," म्हणायचे. ज्याच्या त्याने धुवायच्या, वाळवायच्या, गुंडाळून ठेवायच्या. दुसऱ्याच्या घ्यायच्या नाहीत, आपल्या द्यायच्या नाहीत. सुकलालच्या पट्ट्यांवर रक्ताचा एक तपकिरी डाग होता, तो कितीही धुतला तरी गेला नाही.

मालती लग्न होऊन त्या खोलीत आली ती एकोणीस वर्षांची. हिलाल तोवर शेजारच्या गल्लीत दुसऱ्या खोलीत राहायला गेला होता, पण दिवसातून एकदा दारात असायचाच. "वहिनी, ताक आहे का?" एवढीच त्याची मागणी. सुकलाल मात्र विचित्र वाटला तिला. ती दोन भाकरी वाढायची, तो अर्धी खाऊन ताट सारायचा. आठ दिवस तिने सोसलं. नवव्या दिवशी पीठ मळता मळता डोळ्यांतून टिपं गळायला लागली.

"काय झालं?" त्याने घाबरून विचारलं.

"माझ्या हाताला चव नसेल तर सांगून टाका ना! उपाशी कशाला राहता?"

तो हसून हसून खाली बसला. मग त्याने समजावलं, की त्याला सत्तावन्न किलोच्या आत राहायचंय. वजन एक पाव जास्त भरलं तरी दोरीच्या आत घेत नाहीत. सुरतेच्या त्या चिकट उकाड्यात तो लोकरीचा स्वेटर घालून पळायचा, घाम काढायला. शेवटचे तीन दिवस तर नुसतं लिंबाचं पाणी. त्या रात्री मालतीने देवापुढे दिवा लावताना पहिल्यांदा मनात म्हटलं, याला जिंकू दे, म्हणजे हा पोटभर जेवेल.

जिंकायचं होतं ते मात्र हिलालशी. अहमदाबादला राज्याच्या निवड-लढती होत्या, आणि बाबुरावांना एका वजनाचा एकच मुलगा पाठवता येणार होता. दोघे भाऊ सत्तावन्नचे. बाबुरावांनी ठरवलं, पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की रुळांजवळच्या मैदानात चार बांबू रोवून दोरी बांधायची आणि सगळ्यांसमोर दोघांना लढवायचं. जो जिंकेल तो जाईल.

पुढच्याच रविवारी कानबाई बसणार होती. खानदेशातून सुरतेला आलेलं घर असो की गावातलं, श्रावणात कानबाई यायची म्हणजे घर उभं-आडवं धुवायचं. भिंती पांढऱ्या करायच्या, भांडी घासायची, गोधड्या खाडीवर न्यायच्या. मालतीची ही सासरची पहिली कानबाई. सासूबाई गावाहून नारळ घेऊन आल्या होत्या, तो नारळच देवी म्हणून बळीरामदादांच्या घरी सजवायचा, पण धुवायचं भाऊबंदांतलं प्रत्येक घर. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "घरमा मळेल कापडनं सूत बी ऱ्हावाले नको. माय येई राहिनी."

चौदा तारखेला दुपारी सुकलाल झोपला होता. मालती भिंत पांढरी करत होती. दाराआडच्या खिळ्याला काहीतरी गुंडाळलेलं लटकत होतं, देवाच्या कोनाड्यापासून हातभर अंतरावर. तिने सोडून पाहिलं. जुनं धोतर, त्यावर रक्ताचा डाग. देवीच्या सणाला घरात हे! तिने त्या चिंध्या चुन्याच्या कचऱ्यात घातल्या आणि सगळं गाठोडं खाडीत टाकून आली. हात धुतले, वर तुळशीचं पाणी शिंपडलं. मोठं पुण्याचं काम झालं असं वाटलं तिला.

थोड्या वेळाने हिलाल ताक पिऊन गेला. दाराशीच बसला होता, त्या खिळ्याखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकलालने खिळ्याकडे हात नेला आणि तिथेच थांबला. मग डबे, गोधड्या, पेटी, सगळं उलथंपालथं केलं. "पट्ट्या कुठायत? मालती, माझ्या पट्ट्या पाहिल्या का?"

सासूबाई समोर गहू निवडत बसलेल्या. तोवर मालतीला पट्टी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, आणि आता एका क्षणात सगळं कळलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "मला काय माहीत?"

तीन शब्द. लग्नाला वर्ष व्हायचं होतं.

वेळ नव्हता. सुकलाल पळत कारखान्यात गेला आणि साडीच्या किनारीचे कापून टाकलेले पॉलिस्टरचे पट्टे घेऊन आला. चकचकीत गुलाबी. मैदानात पोरांनी शिट्ट्या मारल्या, "अरे, नवरी आली, नवरी!" बाबुरावांनी त्याचा हात उलटसुलट करून पाहिला, गुलाबी पट्टा अंगठ्याने ओढून पाहिला. "हे घामाने सरकेल. तुझ्या पट्ट्या काय झाल्या?" सुकलालने फक्त समोर हिलालच्या हातांकडे पाहिलं. पांढऱ्या धोतराच्या पट्ट्या, घट्ट.

मालती शेजारणीच्या गच्चीवरून बघत होती. पहिला राऊंड सुकलालचा, असं सगळे म्हणाले. तिला काही कळत नव्हतं, तिला फक्त दोन ओळखीची माणसं एकमेकांना मारताना दिसत होती, आणि ठोसा बसल्याचा आवाज ओल्या कपड्यावर मोगरी आपटावी तसा वर येत होता. दुसऱ्या राऊंडला सुकलालचा उजवा हात जोरात गेला आणि हिलालच्या कोपरावर आदळला. त्याचं तोंड वाकडं झालं नाही, ओरडला नाही. उजवा हात फक्त बरगडीला जाऊन चिकटला आणि तिथेच राहिला.

तिसरा राऊंड तो एका हाताने लढला. तीन मिनिटं म्हणजे किती, ते मालतीला त्या दिवशी कळलं. एक भाकरी थापावी, तव्यावर टाकावी, पाणी लावून उलटावी, निखाऱ्यावर फुगवून काढावी, एवढा वेळ. रोज सहज निघून जायचा. त्या दिवशी तिने गच्चीच्या कठड्याला धरून अख्ख्या आयुष्याचा जप केला तरी तो सरेना. आणि हिलाल मारत होता तो नेमका सुकलालच्या उजव्या बाजूवरच.

पंचांनी हिलालचा हात वर केला. सुकलालने शेडच्या आत जाऊन ग्लोव्ज काढला तेव्हा आतून गुलाबी पट्ट्याचा एक ओला बोळा निघाला आणि हात पावासारखा फुगलेला.

दोरीच्या बाहेर आल्यावर कारण सांगायचं नाही, हा बाबुरावांचा नियम. सुकलालने तो पाळला; हात मोडला कशाने, असं कोणी विचारलं तर लूममध्ये आला म्हणायचा. म्हणून तर वाद जन्माला आला. पण संध्याकाळी मालती हाताला हळदीचा लेप लावत होती तेव्हा तो तिला म्हणाला, "हिलालने नेल्या. घरात दुसरं आलंच कोण होतं?"

सासूबाई तिथेच होत्या. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या त्याला ताप भरला. परवा हाडवैद्याकडे नेलं. मग कानबाई आली.

कानबाईचा रोट म्हणजे देवीचा नैवेद्य. त्यासाठी भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, कर्त्या माणसाच्या हाताने. ते दळून पुरणपोळ्या करायच्या आणि भाऊबंदांनीच खायच्या, बाहेरच्याला द्यायच्या नाहीत. ज्याच्या नावाचे गहू त्यात नाहीत तो परका. बळीरामदादा नावं घेत गेले आणि हिलालच्या नावाला हात परातीत घालणार, तोच सुकलाल म्हणाला, "त्याचं नाव घेतलं तर मी रोट खाणार नाही." गळ्यात हात बांधलेला, अंगात ताप. थोरल्या भावाने लहान भावाचं ऐकलं. हिलाल अहमदाबादला पहिल्याच लढतीत हरून आला, भुवईवर पाच टाके घेऊन, तेव्हा त्याच्यासाठी इथे रोटाचा तुकडाही नव्हता. दिवाळीनंतर तो चलथाणला साखर कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला. सुरतेपासून रिक्षाने अर्ध्या-पाऊण तासाचं गाव. छत्तीस वर्षं.

मालतीबाईंनी एकच केलं. दर श्रावणात गहू चक्कीवर न्यायचं काम त्यांच्याकडे असायचं. वाटेत कोपऱ्यावर थांबून त्या पदराच्या गाठीतून सव्वा मूठ गहू काढायच्या आणि हिलालच्या नावाने त्यात मिसळायच्या. कोणाला कळलं नाही. कानबाईला सगळं ठाऊक आहे, हाच त्यांचा आधार होता आणि हीच त्यांची भीती.

यंदा बळीरामदादा थकून मुलाकडे गावी राहायला गेले, आणि जाताना कानबाईचा नारळ धाकट्या भावाच्या घरी देऊन गेले. इतकी वर्षं ज्या घरात देवी बसावी म्हणून मालतीबाई मनात झुरल्या, त्या घरात ती येणार होती. शेजारणी म्हणाल्या, भाग्य उघडलं. मालतीबाई मात्र स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. ज्या हाताने त्या पट्ट्या खाडीत टाकल्या त्याच हाताने माउलीला नथ घालायची? आणि ज्या तोंडाने 'मला काय माहीत' म्हटलं त्याच तोंडाने तिची गाणी म्हणायची? आपण सांगितलं नाही तर ती बसेल, देवी बिचारी काही बोलत नाही. पण आपल्याला तिच्यासमोर बसता येईल का?

शनिवारी सकाळी ओट्यावर परात मांडली. अकराच्या आत चक्कीवाला चक्की धुऊन घेतो आणि मग दुपारपर्यंत फक्त कानबाईचं दळण दळतो, म्हणून गहू त्याआधी काढायचे होते. मुलगा योगराज इच्छापोरला पाळीवर गेला होता. नात गायत्री पाटावर बसून बघत होती. सुकलाल पहिल्यांदाच कर्ता म्हणून परातीपुढे बसला, डोक्याला टोपी, कपाळाला कुंकू.

"बळीरामदादाच्या नावाने," म्हणत त्याने उजवा हात गव्हात घातला आणि वर काढला.

गहू सांडले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही वाकडी जुळलेली, पुरती मिटतच नव्हती. त्या फटीतून दाणे पावसाच्या धारेसारखे परत परातीत पडत राहिले. त्याने पुन्हा भरली. पुन्हा सांडली. इतकी वर्षं हा हात मालतीबाईंनी पाहिला होता, या हाताला वाढलं होतं, पण गहू काढायचं काम त्याच्याकडे कधी आलंच नव्हतं.

"बघ गायत्री," तो हसून म्हणाला, "तुझ्या हिलालआजोबाने माझ्या पट्ट्या चोरल्या नसत्या ना, तर आज अशी फजिती झाली नसती."

मालतीबाई हळूच म्हणाल्या, "त्यांनी नाही चोरल्या."

"काय म्हनस?"

"त्यांनी नाही. मी..."

"काय? जरा मोठ्याने बोल ना!"

छत्तीस वर्षं त्यांनी हे वाक्य मनात घोळवलं होतं, आणि मनात ते नेहमी कानाशी हलक्या आवाजात सांगितलेलं असायचं. पण या माणसाला हलक्या आवाजात सांगण्याची सोयच उरली नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि चालू लूमच्या मधून हाक मारावी तशा ओरडल्या,

"त्या पट्ट्या मीच फेकी दिन्ह्यात! खाडीमा! हिलालभाऊजी नही, मी!"

टपरीवर छगनची किटली हवेतल्या हवेत राहिली. समोरच्या गच्चीवर कपडे झटकणारी बाई झटकायची थांबली.

सुकलालने बायकोकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे. हातातले उरलेले दाणे परातीत टाकले, उठला, चपला घातल्या आणि चालायला लागला.

"काका, चहा..." छगनच्या तोंडून निघालं. त्याने मान वळवली नाही.

"आजी," गायत्रीने विचारलं, "आबा रिसाई गया? रुसले?"

मालतीबाईंनी परातीवर धुतलेलं फडकं झाकलं आणि शेजारी बसून राहिल्या. नऊ वाजले. टपरीवर एव्हाना वादाला नवी पालवी फुटली होती. कोणी म्हणत होतं, "बाईने सोवळ्यापायी केलं, तिचा काय दोष?" कोणी म्हणत होतं, "पण छत्तीस वर्षं गप्प?" साडेदहाला चक्कीवरचा माणूस हाक मारून गेला, "मावशी, चक्की धोई राहिनू हं, उशीर नको!" त्यांनी मान हलवली. कर्त्याच्या हाताशिवाय गहू निघणार नव्हते. गहू निघाले नाहीत तर रोट नाही, आणि रोट नाही तर आलेली माउली उपाशी जाणार. सांगून चूक केली का, हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. छातीत मात्र इतक्या वर्षांनी हलकं वाटत होतं, त्याची त्यांनाच लाज वाटली.

पावणेअकराला गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा थांबली. आधी सुकलाल उतरला. मग त्याच्या मागून एक टकला, पोट सुटलेला माणूस, हातात साखरेची पिशवी. डाव्या भुवईवर पाच टाक्यांची पांढरी रेघ.

मालतीबाईंनी पदर डोक्यावर घेतला. हिलालच खाली वाकून पाया पडला. "वहिनी, ताक आहे का?"

त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "भाऊजी, चोर मी होते. तुमच्या माथी..."

"मी चोर होतो हे मला आज सकाळीच कळलं, वहिनी! मला वाटायचं, दादा दुसऱ्याच गोष्टीसाठी बोलत नाही."

"कसल्या?" सुकलालने कानाला हात लावला.

हिलालने आवाज चढवला. "दुसऱ्या राऊंडला तुझा हात गेला ते मला तेव्हाच कळलं होतं, दादा! ठोसा आला तो ओल्या फडक्यासारखा. तरी तिसऱ्याला मी त्याच बाजूने मारत राहिलो. बाबुराव ओरडत होते, थांबू नको. मी थांबलो नाही. इतकी वर्षं वाटतंय, भावाच्या मोडक्या हातावर मारून जिंकलो मी. म्हणून तू तोंड बघत नाहीस. कोणत्या तोंडाने यायचं होतं मी?"

टपरीवरून छगन पुढे आला होता. त्याला राहवलं नाही. "मोडला माहीत असून मारलं? बघा, म्हणून मी म्हणतो हा खेळच नाही!"

"तू गप रे," सुकलाल म्हणाला. तो हिलालकडे बघत होता. "आणि थांबला असतास तर? माझ्यावर दया करून हात आखडला असतास, तर मी मरेपर्यंत बोललो नसतो तुझ्याशी. मग पट्ट्या कोणी का फेकलेल्या असेनात."

हिलालने साखरेची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मग सुकलाल बायकोकडे वळला. मालतीबाईंनी पदर सावरला. बोलणी खायला त्या तयार होत्या. "तेव्हाच सांगायचं होतंस," तो म्हणाला. "पण मीही ऐकलं नसतं म्हणा. तेव्हा कान चांगले होते, तरी नसतं ऐकलं." आणि पाटावर बसला. "आण ती परात. अकरा वाजतील."

"बळीरामदादाच्या नावाने." हात गव्हात गेला, वर आला, आणि दाणे पुन्हा फटीतून निसटायला लागले. हिलालने आपला पंजा खाली धरला. निसटलेले दाणे त्याच्या हातात जमा झाले, त्याने ते शेजारच्या ताटात ओतले. सुकलालच्या नावाने, योगराजच्या नावाने, नातू कुंदनच्या नावाने. वरून एक हात, खालून एक. शेवटी सुकलाल म्हणाला, "हिलालच्या नावाने," तेव्हा मालतीबाईंनी पदराच्या गाठीला हात लावला. यंदाचे गहू त्यांनी सवयीने आधीच बांधून ठेवले होते. त्यांनी गाठ सोडली आणि ते परातीत परत टाकून दिले.

ताट भरलं. त्या ते डोक्यावर घेऊन उठल्या, तोवर मागे सुरू झालंच होतं.

"म्हणजे धोतराच्या पट्ट्या असत्या तर काकाच जिंकले असते!" छगन म्हणत होता. "लागला निकाल!"

"कोण म्हणतं?" हिलाल म्हणाला. "पहिला राऊंड त्याचा, मान्य. तिसऱ्याला दम कोणात राहिला असता ते कसं कळणार?"

"दम? तुझ्यात?" सुकलालने त्याच्या पोटाकडे बोट केलं. "साखर खाऊन खाऊन... ये इकडे. हात वर धर."

"तू धर आधी."

"दोघे धरा! मी टाइम लावते," गायत्री मोबाईल घेऊन ओट्यावरून उडी मारून खाली आली. गच्चीवरची बाईसुद्धा कठड्याशी येऊन उभी राहिली.

मालतीबाई वळणावर पोचल्या. ज्या कोपऱ्यावर दरवर्षी थांबायच्या तिथे पाय सवयीने जरा अडखळले, आणि मग चालते झाले. मागून गायत्रीचा आवाज आला, "एक मिनिट थयुं!" आणि सगळ्या गल्लीचा गलका. कोणाचे हात आधी खाली आले, ते त्यांनी वळून पाहिलं नाही. चक्की धुऊन झाली होती, आणि दळण त्यांचंच पहिलं होतं.